माडाचा आकडा आणि शाळेची ग्रँट

चौल-रेवदंड्याच्या आगरात ज्या माडाची ताडी काढायची, त्याला पूर्वी आकडा पडायचा. अबकारी खात्याचा माणूस वाडीत येई, बुंध्यावर खूण करी, वहीत नंबर टिपी आणि त्या झाडाचा कर भंडाऱ्याच्या नावावर चढे. कर भरल्याशिवाय झाडाला कोयती लावायची नाही, मडकं बांधायचं नाही. 1878 साली मुंबई अबकारी कायदा आला आणि हा कर असा वाढत गेला, की ठाणे आणि कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांतले भंडारी हवालदिल झाले. तिकडे उरणच्या भट्ट्यांत मोहाची दारू गळत होती आणि मुंबईच्या गिरणगावापर्यंत जात होती. तिचंही उत्पन्न सरकारजमा.

माडाच्या बुंध्यावरचा हा आकडा आणि गावातल्या संस्थेच्या शाळेला मिळणारी ग्रँट यांचं नातं आज कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. अलिबाग-मुरूडकडे अजून ‘आमची शाळा ग्रँटवर आली’ असंच म्हणतात. अनुदान हा कागदावरचा शब्द, बोलण्यात ग्रँटच. ‘ग्रँटवर आली’ म्हणताना आवाजात जो सुटकेचा सूर असतो, तो एखाद्याची नोकरी कायम झाल्यावर असतो तसा. पण ही ग्रँट म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी, असं या किनाऱ्याने फारसं कधी मानलेलं दिसत नाही. पैसा आपलाच, ताडीतून, साऱ्यातून, सेसमधून गेलेला. भांडण असे ते दोन गोष्टींवर: परत येताना तो कुणाच्या हातात पडतो, आणि त्याच्या बदल्यात मान किती तुकवावी लागते. कुलाबा जिल्ह्याचं नाव 1981 साली रायगड झालं, पण हे भांडण त्याच्या किती तरी आधीचं.

आंग्र्यांचं कुलाब्याचं संस्थान 1840 साली खालसा झालं. त्याच्या आधीपासूनच अमेरिकन मिशनरी अलिबाग आणि रेवदंड्याला शाळा चालवत होते. फी नाही, मराठी पुस्तकं, आणि बायबल. त्या शाळांत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची, मुलं बरीच होती आणि पंतोजीही त्यांच्यातलेच ठेवलेले असत. नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी गावांची आडनावं लावणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा तेली समाज, म्हणून त्याला इथे शनवार तेली म्हणत. जुन्या करारातल्या गोष्टी शिकवायला त्यांची हरकत असण्याचं कारण नव्हतं. बाकी गावांत पंतोजीची गावठी शाळा: ओसरीवर भरणारी, धुळपाटीवर अक्षरं गिरवणारी, आणि पंतोजीला तांदूळ-नारळ मिळाले तर चालणारी. सरकारी पैशाचा प्रश्नच नव्हता, कारण सरकारने खासगी शाळेला पैसे द्यावेत हा विचार सरकारी धोरण म्हणून अजून कुणी मांडला नव्हता.

तो मांडला चार्ल्स वुडने. 19 जुलै 1854 या तारखेच्या त्याच्या खलित्यात सांगितलं होतं की सगळ्या हिंदुस्थानात सरकारी शाळा उघडणं सरकारच्या खिशाला झेपणारं नाही, तेव्हा जे लोक आपणहून शाळा चालवतात त्यांना मदत द्यावी. अटी अशा: व्यवस्था चांगली हवी, सरकारी तपासणी मान्य हवी, आणि मुलांकडून थोडी का होईना फी घेतलीच पाहिजे. धर्मशिक्षणाकडे सरकार बघणार नाही. लौकिक शिक्षण बरं चाललंय ना, तेवढंच पाहील. फीची अट मला आजही विलक्षण वाटते. फुकटाला किंमत नसते, या ठाम समजुतीतून ती आलेली होती. तीन अटींतल्या दोन तर अजून जिवंत आहेत. नावं तेवढी बदलली.

मुंबई इलाखा या बाबतीत मद्रास-बंगालच्या मागेच राहिला. इथल्या शिक्षण खात्याचा भर स्वतःच्या शाळांवर. सर अलेक्झांडर ग्रँट संचालक असताना, 1865 च्या सुमारास, अनुदानाची पद्धत ठरली ती परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची. (या साहेबाचं आडनावच ग्रँट होतं. तेव्हाच्या पंतोजींनी यावर काय कोट्या केल्या असतील, कोण जाणे.) रीत अशी: वर्षातून एकदा दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार, इयत्तावार मुलं उभी करणार, वाचन, लेखन, गणित तपासणार, जितकी मुलं जितक्या विषयांत उतरली, तितका हिशेब. गावातल्या शाळेचं वर्ष त्या एका दिवसावर तोललेलं. भातलावणीत नाहीतर मासळीच्या हंगामात दिपोटी आला, तर कोळ्या-आगऱ्याचा पोरगा होडीवर नाहीतर खाचरात, म्हणजे पंतोजीचे तेवढे पैसे बुडाले. आणि जाताना दिपोटी शेरेबुकात दोन ओळी लिहून जाणार, त्या पुढचं वर्षभर मास्तरच्या मानेवर.

जिल्ह्याच्या आतल्या बाजूला, माणगावकडच्या शिरवली गावचे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांना हा सगळा हिशेबच मान्य नव्हता. आधी जकात खात्यातली नोकरी, मग संन्यस्त वृत्ती, 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद. मिशनऱ्यांच्या शाळांना त्यांचा विरोध असणार, हे उघडच. पण 1867 च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ या पुस्तकात ते भलतंच पुढे गेले: मुलं पाच वर्षांची झाली की राजाच्या हवाली करावीत, त्याने सगळ्यांना सारखं शिकवावं, खर्च राज्याचा. म्हणजे खासगी शाळाच नको आणि तिचं अनुदानही नको. त्या वेळी लोकांनी हे वाचून मान हलवली असेल आणि सोडून दिलं असेल. पण शिक्षणाचा सगळा भार राज्यानेच उचलावा, हे मराठीत इतक्या आधी, इतक्या सरळपणे लिहिणारा माणूस कुलाबा जिल्ह्यातला होता, एवढं नोंदवून ठेवायला हवं.

सरकारी पैशाचा हिशेब मात्र मागितला तो जोतीराव फुल्यांनी. रायगडावर जाऊन शिवाजी महाराजांची समाधी धुंडाळणारे जोतीराव इथल्या लोकांना परके नव्हते. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा असा: सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा सेस होता, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. म्हणजे खारेपाटातला शेतकरी सारा भरताना शाळेचेही पैसे भरत होता, त्याच्या गावात शाळा असो-नसो. खासगी संस्थांवर प्राथमिक शिक्षण सोपवायला फुल्यांचा साफ विरोध होता. निकालावर अनुदान देण्याची पद्धतही त्यांनी नाकारली. ज्या लोकांना शिक्षणाचं मोलच अजून कळलेलं नाही, त्यांच्या वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कोणता मास्तर जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. मला विचाराल तर दीडशे वर्षांत या प्रश्नाला नेमकं उत्तर कुणी दिलेलं नाही.

आयोगाने केलं ते वेगळंच. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे, आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घेऊन ते खासगी संस्थांना अनुदान देऊन चालवावं, अशी शिफारस झाली. पुण्यात 1880 साली चिपळूणकर-टिळकांची न्यू इंग्लिश स्कूल निघालीच होती. तिचा कित्ता मग तालुक्याच्या गावांनी गिरवला. दोन वकील, एक निवृत्त मामलेदार, एखादा सावकार, भाड्याचा वाडा, वर्गणीची वही: झालं हायस्कूल. पेणला आजही एका जुन्या शाळेचं नाव ‘प्रायव्हेट हायस्कूल’ आहे. बाहेरच्या माणसाला ते वाचून श्रीमंतांची शाळा डोळ्यांपुढे येते. ते नाव पडलं तेव्हा ‘प्रायव्हेट’ म्हणजे सरकारी नसलेली, गावाने वर्गणी काढून उभी केलेली, एवढाच अर्थ होता, आणि त्यात थोडी ऐटही होती.

ती ऐट फार दिवस टिकू दिली गेली नाही. 1907 साली रिस्लेचं परिपत्रक निघालं: राजकीय सभांना जाणारी मुलं ज्या शाळेत असतील, तिची ग्रँट जाईल. टिळकांच्या गोटातल्या लोकांनी याच सुमारास ग्रँटच नाकारणाऱ्या राष्ट्रीय शाळा काढल्या. तळेगावचं समर्थ विद्यालय त्यातलं नावाजलेलं, 1910 साली सरकारने ते बंद पाडलं. कुलाब्याच्या तालुक्यांतल्या शाळांना हा मार्ग परवडणारा नव्हता. इथले संस्थाचालक सभेला स्वतः जात, टाळ्याही वाजवत, पण मुलांना दारात उभं करत नसत. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. महिनाअखेरीला मास्तरांना पगार द्यायचा असला, की माणूस भित्रा होतोच.

मुरूड-श्रीवर्धनची गोष्ट वेगळी. तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा, 1948 पर्यंत. मुरूडच्या सर एस. ए. हायस्कूलला नाव नवाब सर सिद्दी अहमदखानांचं. खजिना नवाबाचा, मर्जीही नवाबाची. अनुदानाचे नियम, अपील, मुंबईच्या कायदे कौन्सिलातले प्रश्न यांतलं काही तिथे नव्हतं, त्यामुळे या वादातही तो भाग उशिरा आला.

आता महाडला जाऊ. महाड काही समुद्रावर नाही, पण सावित्रीच्या खाडीने ते किनाऱ्याशी जोडलेलं जुनं बंदर. जवळचं दासगावही बंदरच. दासगावच्या शाळेत शिकलेला रामचंद्र बाबाजी मोरे हा महार मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाला आणि 1914 च्या सुमारास महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. प्रवेश मिळाला नाही. शाळा भाड्याच्या जागेत भरत होती, आणि घरमालकाला चालणार नाही, हे कारण पुढे करण्यात आलं. अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलाने गप्प न बसता तक्रार लिहिली. ती वर्तमानपत्रात गेली, सरकारदरबारी गेली, आणि शाळेला दार उघडावं लागलं. बसायची जागा मात्र वेगळी दिली गेली. हेच आर. बी. मोरे पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या जुळवाजुळवीत पुढे होते, आणि नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले. सरकारशी संबंध असलेल्या शाळेला दार लावता येत नाही, हे महाडला आधी शिकवलं ते या पोराने. कौन्सिलला तिथपर्यंत यायला आणखी नऊ वर्षं लागली.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या हे सगळं अस्पृश्यांना खुलं असावं. रावबहादूर बोले भंडारी समाजाचे पुढारी. ज्या समाजाच्या झाडांवर आकडे पडले, त्याच समाजातला माणूस कौन्सिलात उभा राहून सांगत होता की पैसा सगळ्यांचा असेल तर हक्कही सगळ्यांचा. त्याच वर्षी सरकारने जाहीर केलं, की अस्पृश्यांच्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खासगी शाळेला अनुदान मिळणार नाही. कागदावर हे फार मोठं होतं. गावात त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘घ्या, पण पडवीत बसवा’ असा झाला. बोले पुन्हा 1926 च्या ऑगस्टमध्ये उठले. या वेळी मागणी अशी, की ज्या नगरपालिका आणि जी लोकल बोर्डं ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवा.

महाडच्या नगरपालिकेने 1924 सालीच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात, तळं होतं तसंच.

1927 च्या फेब्रुवारीत डॉ. आंबेडकर कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले. 12 मार्चला शिक्षणावरच्या अनुदानाच्या मागणीवर ते बोलले. ते भाषण प्रत्येक संस्थाचालकाने आणि प्रत्येक शिक्षणमंत्र्याने एकदा वाचावं असं आहे, कारण त्यात भावनेला हात घातलेला नाही, नुसता हिशेब आहे. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी 2 रुपये 2 आणे 9 पै वसूल करतं. निदान दारूच्या रूपाने जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणाच्या रूपाने परत द्या, अशी त्यांची मागणी. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी 18 चौथीपर्यंत पोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. आणि फी? कॉलेजांच्या खर्चाचा 36 टक्के, हायस्कुलांच्या खर्चाचा 31 टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चाचा 26 टक्के भाग मुलांच्या फीतून निघतो. हा शिक्षणाचा व्यापार झाला, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

माणशी सव्वादोन रुपयांच्या आसपास अबकारी. रेवदंड्याच्या माडाचा आकडा आणि उरणची भट्टी त्या सव्वादोन रुपयांत होती. मिठाचा पैसा यात धरायचा नाही. पेण-उरणच्या मिठागरांचा कर मध्यवर्ती सरकारकडे जाई, इलाख्याच्या हाती उरे ती अबकारी.

या भाषणानंतर आठवड्याने, 19 आणि 20 मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक चवदार तळ्यावर गेली. त्या दिवसाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालणार नाही. एवढंच बघायचं, की तळ्यावर जाण्यामागचा कायदेशीर आधार आणि शाळेच्या ग्रँटचा आधार एकच होता: बोल्यांचा ठराव. मुंबईत ज्याचा हिशेब मांडला, त्याचीच वसुली महाडला झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. लोकमत म्हणतात ते असंही असतं.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. 1919 च्या सुधारणांनंतर राज्यकारभाराचे दोन वाटे झाले, राखीव खाती आणि सोपीव खाती. हिंदी मंत्र्यांकडे आलेल्या सोपीव खात्यांत शिक्षण होतं आणि अबकारीही. एका हाताने दारूचा पैसा गोळा करायचा, दुसऱ्या हाताने शाळांना वाटायचा. कोकणातलेच रँग्लर र. पु. परांजपे 1921 ते 1923 शिक्षणमंत्री होते, आणि 1927 साली त्यांच्याकडे अबकारी खातं आलं. आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या वह्या बघायला मिळाल्या. गांधीजींना हा सौदा असह्य वाटायचा. 1937 साली काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं, की मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नावर विसंबावं लागणं ही नव्या सुधारणांची सर्वांत क्रूर थट्टा आहे. मग त्यांचा तोडगा: शाळेने मुलांच्या हातकामातून आपला खर्च आपण काढावा. वर्ध्याला त्यावर परिषद झाली. चरख्यावर शाळा चालेल, यावर किनाऱ्यावरच्या किती लोकांचा विश्वास बसला असेल, याबद्दल मला शंका आहे.

मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. दारूबंदी 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबईत सुरू झाली, आणि 1950 साली सगळ्या राज्यात. भंडाऱ्यांच्या मडक्यांबरोबर सरकारचा अबकारीचा झराही आटला. शाळा मात्र वाढतच होत्या. बिनशाळेच्या गावांत खासगी संस्थांनी शाळा काढाव्यात म्हणून सरकार 1938 पासून अनुदान देऊ लागलं. ‘व्हॉलंटरी शाळा’ म्हणत त्यांना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने अशा शेकडो शाळा काढल्या.

आणि याच खेरांच्या सरकारने 1948 साली रयतची ग्रँट बंद केली. कारण होतं कर्मवीरांनी सरकारवर केलेली टीका. लोकांना हे मुळीच रुचलं नाही. सातारा-सांगलीकडे गावोगाव रयतसाठी मदत उभी राहिली. गाडगेबाबा स्वतः खेरांकडे गेले, रदबदली केली, आणि पुढे ग्रँट पुन्हा सुरू झाली. ही गोष्ट घाटावरची, किनाऱ्याची नाही. पण रयत नंतर खाली उरण-पनवेलला उतरली. उरणच्या फुंड्याचं तुकाराम हरी वाजेकर विद्यालय तिचंच. ही संस्था काय सोसून आलीय, हे शाळा मागणाऱ्या गावांना माहीत होतं. परकीय सरकारने परिपत्रक काढून ग्रँट तोडली, आणि आपल्या सरकारने परिपत्रकावाचून. फरक असलाच तर एवढाच.

अलिबागकडे हवा आणखी निराळी होती. चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं शेती पडीक ठेवून खोतांशी लढा दिला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. त्या लढ्यातून ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र निघालं, आणि पुढे शेतकरी कामगार पक्षाने जिल्ह्यात पाय रोवले. नारायण नागूंचे चिरंजीव दत्ता पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जनता शिक्षण मंडळाचं अलिबागचं महाविद्यालय 1961 चं. कोकण एज्युकेशन सोसायटी, म्हणजे इथल्या बोलण्यातली ‘कोएसो’, हिचं जाळं आधीपासून पसरलेलं. मुरूड-म्हसळ्याकडे अंजुमन इस्लाम जंजिरा. पक्ष, जात, धर्म कोणताही असो, रीत एकच. गाव जागा देणार, मुंबईचे चाकरमानी गणपतीत येऊन पावत्या फाडणार, पहिली दोन-तीन वर्षं मास्तर अर्ध्या पगारावर काढणार, आणि मग ग्रँट यायची वाट बघायची.

1960 च्या आगेमागे ईबीसी सवलत आली, वर्षाला 1200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकाच्या मुलाची फी सरकार भरणार. कोळीवाड्यातल्या, आगरी पाड्यातल्या बाया-बापड्यांना अनुदान म्हणजे काय हे तेव्हा पहिल्यांदा हाताला लागलं. तलाठ्याचा दाखला, फॉर्मवर अंगठा, आणि हायस्कूलची फी माफ. वुडच्या खलित्यातली फीची अट इथे मोडली, आणि शाळेचं उत्पन्नही मोडलं नाही. माझ्या मते महाराष्ट्रात सरकारी पैशाने खासगी शाळेत झालेलं सर्वांत चोख काम हेच.

दुसरी बाजू ज्यांनी भोगली ते शिक्षक सांगतात. पगार संस्थेच्या हातून मिळत होता तोवर सही एका आकड्यावर आणि हातात पडणार दुसरा. उरलेले ‘इमारत फंडाला’. बोलायची सोय नाही, कारण काढून टाकायचा अधिकार चेअरमनचा. शिक्षक संघटना यावर वर्षानुवर्षं भांडल्या. पगार बँकेतून, पे युनिटमार्फत जाऊ लागला, आणि 1977 साली खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. तेव्हापासून मास्तर संस्थेचा आणि पगार सरकारचा, अशी व्यवस्था आहे. संस्थाचालकांना ती कधीच आवडलेली नाही. कित्येकांनी मग पगाराऐवजी नेमणुकीतच हात घातला, आणि देणगी हा शब्द, जो वर्गणीच्या वहीत पवित्र होता, तो कुजबुजत उच्चारायचा शब्द झाला.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शाळांच्या बाबतीत 2001 पासून ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का आला. मान्यता हवी तर लिहून द्या, की अनुदान कधीच मागणार नाही. लोकांनी लिहून दिलं. सगळ्यांना ठाऊक होतं की हे लिहिणं म्हणजे लग्नात हुंडा नको म्हणण्यासारखं. 2009 साली त्यातला ‘कायम’ शब्द सरकारनेच खोडला. 2016 साली पात्र शाळांना 20 टक्के अनुदान मिळालं, मग टप्पा, पुढचा टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याला मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलन. किनाऱ्यावरचे बिनपगारी मास्तर या काळात काय करत होते, हे विचारायला लांब जायला नको. कुणी संध्याकाळी विक्रम रिक्षा चालवली, कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी मे महिन्यात पर्यटकांच्या खोल्या सांभाळल्या. 2025 च्या जुलैत, भर पावसात, वाढीव टप्प्याचे पैसे मागायला राज्यभरचे शिक्षक पुन्हा त्याच मैदानात बसले, तेव्हा अधिवेशन चालू होतं म्हणून सगळ्या पक्षांचे नेते भेटून गेले.

आज लोकमत कुठे आहे, हे विचारलं तर उत्तर एका रस्त्यावर दिसतं. सकाळी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसगाड्या जातात. त्यांत रिक्षावाल्याची मुलं असतात आणि ग्रँटवरच्या मराठी शाळेतल्या मास्तरांचीही. फी भरायची तयारी आहे, आणि अनुदानित शाळा बंद पडू द्यायची तयारीही नाही. संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकसंख्येच्या सरकारी मंजुरीत, एक शिक्षक कमी झाला तर ग्रामसभेत ठराव होतो, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांची नातवंडं दुसऱ्या शाळेत असतात. याला दुटप्पीपणा म्हणायचा मोह होतो. मला त्यात जुनाच हिशेब दिसतो: आमच्या पैशातून उभं राहिलेलं आहे, वापरू-न वापरू, पण मोडायचा अधिकार तुमचा नाही.

सरकारी पैसा विनाअनुदानित शाळांतही शिक्षण हक्क कायद्याच्या वाटेने जातोच. तिथल्या 25 टक्के जागांवर गरीब मुलं घ्यायची आणि त्यांची फी सरकारने भरून द्यायची. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर शेजारच्या खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, 19 जुलै 2024 रोजी. वुडच्या खलित्याला त्या दिवशी 170 वर्षं झाली. निकालात याचा उल्लेख असायचं कारण नव्हतं, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या सगळ्या काळाचा इतिहास अहवालांत आणि निकालपत्रांत मिळतो तो सरकारच्या बाजूचा. गावाची बाजू वर्गणीच्या वह्यांत, संस्थांच्या सभांच्या इतिवृत्तांत, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत, आणि दिपोटीने दोन ओळी लिहिलेल्या शेरेबुकांत आहे. शाळेची नवी इमारत झाली, की हे बाड आधी जिन्याखाली जातं, आणि कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर वाळवीच्या पोटात. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन, उरण, कुठल्याही जुन्या शाळेशी तुमचा संबंध असेल, आजोबा कधी काळी चिटणीस असतील, घरात माळ्यावर एखादी लाल कापडात बांधलेली वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात द्या, आणि द्यायच्या आधी तिची पानं मोबाइलवर काढून ठेवा.